सोळाव्या वर्षीची निवड

इंग्लंडमधील विद्यार्थी सोळाव्या वर्षी जी. सी. एस. ई. ही शालान्त परीक्षा देतो आणि पुढील दोन वर्षांच्या ए-लेव्हलसाठी बहुधा तीनच विषय निवडतो. 1951 साली सुरू झालेल्या ए-लेव्हलमध्ये एखादा विषय सोडणे म्हणजे काही व्यवसायांची वाट बंद करून घेणे होय. रसायनशास्त्र सोडणाऱ्याला बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये प्रवेश देत नाहीत. अर्थशास्त्राची गोष्ट तर चमत्कारिकच आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये या विषयाच्या पदवीसाठी ए-लेव्हलचे अर्थशास्त्र नसले तरी चालते. गणित मात्र हवेच. आणि गणित घ्यायचे, तर शालान्त परीक्षेत त्या विषयात निदान 6 किंवा 7 ही श्रेणी हवी (सर्वोच्च श्रेणी 9), असा अनेक शाळांचा आग्रह असतो. बीजगणित कच्चे राहिलेल्या मुलाला कलनशास्त्र पेलत नाही, हा त्यांचा अनुभव आहे.