राजदूत व्हायचंय, मग कोणती पदवी?

बारावीचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात : मुलीला परराष्ट्र सेवेत जायचंय, तर आंतरराष्ट्रीय संबंध या विषयालाच प्रवेश घ्यायला हवा ना? वैद्यकीय पदवी घेतली की डॉक्टर होता येतं, तसं ही पदवी घेतली की राजदूत होता येतं, असं त्यांनी मनाशी धरलेलं असतं. ही समजूत प्रवेशाचं शुल्क भरण्याआधीच दूर व्हायला हवी. काही खासगी विद्यापीठांत ते शुल्क लाखांच्या घरात जातं आणि माहितीपत्रकावर दूतावासाचा झेंडा छापलेला असला, तरी दूतावासाची दारं उघडणं विद्यापीठाच्या हातात नसतं.

भारतीय परराष्ट्र सेवेची, म्हणजे आयएफएसची, मुख्य भरती केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून होते. आयएएस आणि आयपीएस ज्या परीक्षेतून निवडले जातात, तीच ही परीक्षा. तिला बसायला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. खुल्या गटासाठी वय 21 ते 32 असावं लागतं आणि सहा वेळा परीक्षा देता येते. आरक्षित गटांना यात सवलत आहे. गेल्या काही वर्षांत परराष्ट्र सेवेच्या जागा साधारण 35 ते 55 च्या दरम्यान निघाल्या आहेत. साऱ्या देशातून एवढेच निवडले जाणार, हा आकडा घरात सगळ्यांना ठाऊक असावा.

परराष्ट्र सचिवपदापर्यंत पोचलेल्यांच्या पदव्या पाहा. निरुपमा राव यांनी मराठवाडा विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं आणि 1973 मध्ये त्या सेवेत आल्या. पुण्यात जन्मलेले विजय गोखले इतिहासाचे विद्यार्थी; चिनी भाषा आणि चीन हे त्यांचं क्षेत्र पुढे सेवेत घडलं. विक्रम मिस्री सेवेत येण्याआधी जाहिरात क्षेत्रात काम करत होते. एस. जयशंकर यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठातून आंतरराष्ट्रीय संबंधांत डॉक्टरेट केली हे खरं, पण त्यांची पहिली पदवी रसायनशास्त्राची.

हे ऐकून काही जण दुसऱ्या टोकाला जातात : मग ही पदवी काही कामाचीच नाही! हा गैरसमज मला पहिल्यापेक्षा जास्त खुपतो. दिल्लीत इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज 1955 मध्ये सुरू झालं आणि पुढे जेएनयूत विलीन झालं. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातला विभाग त्याच काळातला. तिथल्या पिढ्यांनी पश्चिम आशिया, रशिया, चीन, आफ्रिका यांचा अभ्यास देशात उभा केला. सीमावाद कसा चिघळतो, निर्बंध लादले की तेलाचा व्यापार कुठल्या वाटेने वळतो, पाणीवाटपाच्या करारात कोणता शब्द का घातला जातो, हे नीट समजून घ्यायचं तर शिस्तीने शिकावं लागतं. असं शिकलेली माणसं संशोधन संस्था, वृत्तपत्रं, व्यापारी कंपन्या आणि अध्यापन या सगळ्यांना हवी असतात. मात्र नुसत्या पदवीवर तिथेही भागत नाही. सोबत एखादी परकी भाषा, कायदा, अर्थशास्त्र किंवा एका प्रदेशाची खोल जाण लागते. माझा आग्रह भाषेचा आहे. अरबी किंवा चिनी नेटाने शिकलेला पदवीधर उठून दिसतो.

परीक्षेत या पदवीचा उपयोग किती, तेही पाहू. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय 500 गुणांचा, पण त्यातला निम्मा भाग राज्यशास्त्राचा सिद्धान्त आणि भारतीय राजकारणाचा आहे. एकूण गुण 2025. मदत होते, पण त्यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही.

मराठी माध्यमातल्या मुलांना सगळ्यात जास्त अडवणारा समज इंग्रजीचा. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मराठी साहित्य वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो आणि मुलाखतही मराठीतून देता येते. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र हिंदी आणि इंग्रजीतच असते, आणि मुख्य परीक्षेत इंग्रजीच्या एका पेपरमध्ये उत्तीर्ण व्हावं लागतं. सेवेत गेल्यावर इंग्रजी रोज लागते. ती प्रयत्नाने येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचे ज्ञानेश्वर मुळे 1983 च्या तुकडीत आले, न्यूयॉर्कमध्ये भारताचे महावाणिज्यदूत झाले, मंत्रालयात सचिवपदापर्यंत पोचले आणि मराठीत लिहीतही राहिले. शिवाय निवड झाल्यावर प्रत्येक अधिकाऱ्याला एक परकी भाषा नेमून दिली जाते. ती शिकून परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय सेवेत कायम करत नाहीत.

मेजवान्या आणि परदेशवाऱ्यांचं चित्रही अपुरं आहे. कारकिर्दीतली बरीच वर्षं दिल्लीत फायलींवर जातात, आणि बदल्यांपायी मुलांच्या शाळा व जोडीदाराची नोकरी पुन्हा पुन्हा विस्कळीत होते. परदेशातल्या कामात मालकाने पासपोर्ट ठेवून घेतलेला कामगार असतो, तुरुंगातला खलाशी असतो, मृतदेह गावी पाठवण्याची कागदपत्रं असतात. 2022 मध्ये युक्रेनमधून सुमारे 22,500 भारतीय परत आले, त्यात महाराष्ट्रातले वैद्यकीय विद्यार्थीही होते. शेजारच्या देशांच्या सीमांवर त्यांना उतरवून घेण्यासाठी दूतावासांची माणसं रात्रंदिवस थंडीत उभी होती.

राजनैतिक संरक्षण म्हणजे कायद्यातून सुटका, हेही खरं नाही. 1961 च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देशाचे कायदे पाळणं बंधनकारक आहे आणि संरक्षण काढून घेण्याचा अधिकार अधिकाऱ्याच्या स्वतःच्या सरकारला असतो. वाणिज्यदूतांना त्याहून कमी संरक्षण मिळतं, त्यांचा करार 1963 चा. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूतांना अटक झाली, तेव्हा वादाच्या मुळाशी हाच फरक होता.

संयुक्त राष्ट्रांतली नोकरी हे पूर्ण वेगळं क्षेत्र आहे. सनदेच्या शंभराव्या कलमानुसार तिथला कर्मचारी कोणत्याही सरकारच्या सूचना घेऊ शकत नाही, स्वतःच्या देशाच्याही नाही. भारताची बाजू मांडायची ओढ असेल, तर ती जागा तिथे नाही.

राजदूत होणारे सगळे आयएफएसमधूनच येतात असंही नाही. औंधचे अप्पासाहेब पंत 1948 मध्ये नैरोबीत भारताचे आयुक्त झाले ते स्पर्धा परीक्षा न देता, आणि नानी पालखीवाला वकिलीतून वॉशिंग्टनला राजदूत म्हणून गेले. या सरकारी नेमणुका. त्यांची तयारी करता येत नाही. तयारी करता येईल अशी आणखी एक वाट मात्र आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरच्या परीक्षेतून परराष्ट्र मंत्रालयात सहायक विभाग अधिकारी होता येतं. त्या केडरमधल्या लोकांनाही परदेशी दूतावासांत नेमणुका मिळतात आणि पुढे बढतीने आयएफएसमध्ये जाता येतं. नागरी सेवा परीक्षेची तयारी करणाऱ्याने हा अर्जही भरावा.