वाटसोबती

थोर कलावंतांची चरित्रे वाचताना आपण त्यांचा गुरू शोधतो, घराणे शोधतो, रियाजाचे तास मोजतो. त्यांच्याबरोबर चालले कोण, हा प्रश्न मात्र सहसा आपल्या मनात येत नाही. पंडित भीमसेन जोशींनी 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गाणे शिकण्यासाठी गदगचे घर सोडले. आगगाडीत उतारूंना गाणी ऐकवत हा मुलगा ग्वाल्हेर, जालंधर असा भटकला आणि अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पायाशी पोहोचला. ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. गाण्याच्या ओढीने चालू लागलेला असाच एक मुलगा त्याआधी सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीत होऊन गेला. फरक एवढाच, की त्याच्या सोबतीला शाळेतला एक मित्र होता.

मुलाचे नाव योहान सेबास्टियन बाख आणि मित्राचे गेऑर्ग एर्डमन. पाश्चात्त्य संगीतात बाखचे नाव आज आपल्याकडे तानसेनाच्या आदराने घेतले जाते. पण 1700 सालच्या मार्चमध्ये तो पंधराही पूर्ण न झालेला एक पोरका मुलगा होता. नऊ वर्षांचा असताना आई गेली, काही महिन्यांतच वडील गेले. ओरड्रुफ नावाच्या लहान गावात त्याचा थोरला भाऊ चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. त्याने धाकट्याला घरी आणले, वाद्यावर बोटे ठेवायला शिकवले. याच घरातली एक हकीगत प्रसिद्ध आहे. भावाजवळ नामवंत संगीतकारांच्या रचनांची एक वही होती आणि ती तो धाकट्याला देत नसे. पोराने जाळीच्या कपाटातून लहानसा हात घालून ती बाहेर काढावी आणि चांदण्यात बसून उतरवून घ्यावी, असे सहा महिने चालले. भावाच्या हे ध्यानात आले, तेव्हा त्याने ती उतरवलेली प्रतही काढून घेतली!

पुढे भावाचा संसार वाढला. शाळेच्या नोंदवहीत बाखच्या नावापुढे शेरा पडला, तो जेवण्याराहण्याची सोय उरली नाही, असा. तिकडे उत्तरेला लुनेबर्ग गावी संत मायकेलच्या चर्चची शाळा होती. आवाज चांगला असलेल्या गरीब मुलांना तिथे गाण्याच्या मोबदल्यात जेवण, निवारा आणि शिक्षण मिळे. एर्डमन वयाने सुमारे तीन वर्षांनी मोठा. दोघे मिळून निघाले. अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीची वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. हे त्याहून लांब. खिशात पैसा नाही, म्हणजे बहुतेक वाट पायीच तुडवली असणार. वाटेत ते काय बोलले, कुठे निजले, कोणी भाकरतुकडा दिला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. पण एप्रिलमध्ये लुनेबर्गच्या गायकवृंदात दोघांचीही नावे दिसू लागतात. पोरे पोहोचली होती!

तिथे पोहोचल्यावर लवकरच बाखचा आवाज फुटला. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या चरित्रलेखात म्हटले आहे, की आठ दिवस त्याच्या गळ्यातून एकाच वेळी वरच्या आणि खालच्या सप्तकात सूर निघत. मग तो कोवळा आवाज कायमचाच गेला. ज्या आवाजाच्या भरवशावर भाकरी मिळवायला एवढी पायपीट केली, तोच गेला! एखादा मुलगा खचला असता. बाख वाद्यांकडे वळला. लुनेबर्गपासून हँबर्ग सुमारे पन्नास किलोमीटर. तिथे राइनकेन नावाचा वयोवृद्ध ऑर्गनवादक होता. त्याला ऐकण्यासाठी हा मुलगा पुन्हापुन्हा हँबर्गला जाऊ लागला. गाणे चांगले असेल तिथे चालत जायचे, ही सवय आता त्याच्या अंगी मुरली होती.

अठराव्या वर्षी त्याला आर्नस्टाट गावच्या चर्चमध्ये नोकरी लागली. 1705 साली, विसाव्या वर्षी, त्याने चार आठवड्यांची रजा घेतली आणि बुक्स्टेहुडे या थोर वादकाला ऐकायला तो ल्यूबेकला चालत गेला. एका बाजूचीच वाट चारशे किलोमीटरची. चार आठवड्यांचे जवळजवळ चार महिने झाले. परतल्यावर वरिष्ठांनी जाब विचारला. शिवाय, आता हा प्रार्थनागीतांत असे काही चमत्कारिक सूर मिसळतो की गाणारे लोक गोंधळून जातात, अशीही तक्रार झाली. त्या तक्रारीतच त्याच्या वाढीची पावती नाही का?

असो. एर्डमनचे काय झाले? तो संगीतात राहिला नाही. कायदा शिकला, रशियाच्या सरकारी सेवेत शिरला आणि डान्झिग शहरात झारच्या दरबाराचा प्रतिनिधी झाला. वाट एकच, पावले सारखीच. पण एक जण बाख झाला, दुसरा अधिकारी. चालल्याने प्रतिभा येत नाही, हे एर्डमनवरून कळते. मग सोबतीने काय दिले?

त्याचे उत्तर तीस वर्षांनंतरच्या एका पत्रात आहे. 28 ऑक्टोबर 1730 रोजी लाइपझिगहून बाखने एर्डमनला लिहिले. आता तो पंचेचाळीस वर्षांचा, मोठ्या कुटुंबाचा कर्ता. जुना मित्र मोठ्या हुद्द्यावर, म्हणून संबोधन अगदी दरबारी अदबीचे. पण मजकूर मोकळा. लहानपणापासूनची माझी हकीगत आपण जाणताच, अशा अर्थाचे लिहून तो व्यथा मांडतो. पगार सांगितला होता तेवढा पडत नाही, गाव महाग, वरिष्ठांना संगीताची आस्था नाही. हवा निरोगी असली की अंत्यविधी कमी होतात आणि तेवढी मिळकतही बुडते, असा हिशेबही तो देतो! मग डान्झिगला एखादी नोकरी पाहाल का, अशी विनंती. आणि मध्येच बापाचा अभिमान उफाळतो : मुले सारी जन्मजात संगीतकार, पत्नीचा गळा गोड, थोरली मुलगीही बरी साथ करते, घरच्या घरी मैफल उभी राहते.

नोकरी काही मिळाली नाही. 1736 साली एर्डमन वारला. बाख 1750 साली मरेपर्यंत लाइपझिगलाच राहिला. परंतु ते पत्र रशियाच्या दफ्तरात टिकून राहिले. बाखची खासगी पत्रे फारच थोडी उरली आहेत. त्यांत इतके मन उघडे करणारे दुसरे नाही. राजेरजवाड्यांसाठी लिहिणाऱ्या माणसाने आपली अडचण सांगितली, ती ज्याने त्याला फाटक्या खिशानिशी पाहिले होते त्याला.

आज आपल्या घरातल्या एखाद्या मुलाच्या गळ्यात सूर सापडला, की आईवडील जिवाचे रान करतात. क्लास, परीक्षा, स्पर्धा, दूरचित्रवाणीवरचा मंच. हे प्रेमच आहे, त्याला नावे ठेवू नयेत. पण या धावपळीत मुलाला ऐकणारे पुष्कळ मिळतात आणि सोबत चालणारे कमी होतात. परीक्षक गुण देतात, श्रोते टाळ्या देतात. आवाज फुटला, पहिला क्रमांक हुकला, तर त्या दिवशी शेजारी बसायला शाळेतलाच मित्र लागतो. तो गाणारा नसला तरी चालतो. तेव्हा मुलाने एखाद्या रविवारी क्लास बुडवून मित्रांबरोबर राजगड चढायला जाऊ का, असे विचारले, तर लगेच नाही म्हणू नये. डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या द्याव्यात. एक त्याच्यासाठी, एक त्याच्या सोबत्यासाठी.