हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, तास वेगळे

दोन विमानतळांमधलं अंतर सांगितलं की प्रवासाचा वेळ कळला, असं आपण गृहीत धरतो. हेलसिंकी आणि टोकियो यांच्यात पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं सर्वांत कमी अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे पावणेनऊ तासांचं काम. उड्डाण-अवतरणाचा वेळ धरून साडेनऊ तास. फेब्रुवारी २०२२पर्यंत सायबेरियावरून जाणारी विमानं साधारण एवढाच वेळ घेत. रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हाच प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. टोकियोहून निघालेली विमानं पॅसिफिक, अलास्का, उत्तर ध्रुव असा वळसा घेऊ लागली. हे नवंही नव्हतं. सोव्हिएत काळात, १९८३ मध्ये, फिनएअरने याच दोन शहरांतली विनाथांबा सेवा ध्रुवावरूनच सुरू केली होती.

यावर कोणी म्हणेल, खरा फरक वाऱ्याचा असतो. तोही असतोच: उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांमुळे पूर्वेकडचा प्रवास बहुधा लवकर संपतो. पण वाऱ्याचा लाभ-तोटा दिशेप्रमाणे बदलतो. इथे जाणं आणि येणं दोन्ही लांबलं. त्यामुळे कारण मार्गातच शोधावं लागतं. जास्तीच्या तासांचं इंधन वाहायलाही इंधन लागतं, शिवाय वैमानिकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असते. म्हणून तिकिटाची किंमत, माल नेण्याची क्षमता आणि मुळात ती सेवा परवडेल का, हे नकाशावरच्या किलोमीटरांपेक्षा कोणत्या देशाचं आकाश खुलं आहे यावर अधिक ठरतं.