हौद्याच्या गाड्यांची हौस

उज्जैनचे देवास गेट म्हणजे वाहनांचा राबता असलेले नाके. देवासचा रस्ता इथून सुटतो, आगर रोड जवळच लागतो, रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर आणि बसस्थानकाला नाव शहीद राजाभाऊ महाकाल यांचे. राजाभाऊ उज्जैनच्याच मराठी घरातले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीच्या सत्याग्रहात तिरंगा हाती घेऊन चालताना पोर्तुगिजांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. आज या नाक्यावर इंदूरच्या बसगाड्या, टाटा मॅजिक आणि ई-रिक्षा यांच्या गर्दीतून लसणाच्या नि सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली बोलेरो पिकअप वाट काढत असते. तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पाहावे असे तिच्यात काही आहे, असे कोणाला वाटतही नाही.

अमेरिकेतही एके काळी कोणाला वाटत नव्हते. फोर्डने १९२५ साली मॉडेल टी गाडीला मागे हौदा जोडून ती २८१ डॉलरला विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाईक होता शेतकरी, सुतार, दूधवाला. शनिवारी चारा वाहायचा, रविवारी त्याच गाडीतून चर्चला जायचे. अशी गाडी जपून कोण ठेवणार? ती पाण्यापावसात उभी राहायची, हौद्याचा पत्रा गंजून जायचा, फाळका तुटला की तारेने बांधायचा आणि इंजिन गेले की शेताच्या बांधावर सोडून द्यायचे. दारापुढे पुसून-झाकून ठेवलेल्या मोटारी टिकल्या, राबणाऱ्या गाड्या झिजून संपल्या. आज संग्राहक ज्या दुर्मीळपणामागे धावतात, तो या झिजण्यातून आला आहे. चांगल्या अवस्थेतली, मूळ हौदा आणि मूळ इंजिन असलेली जुनी पिकअप मिळणे कठीण, कारण ती कोणी जपण्यासाठी घेतलीच नव्हती.

दुसरे महायुद्ध संपल्यावर या गाड्यांना रूप आले. शेवरोलेची १९४७ची गोल खांद्यांची, कोपऱ्यात वळलेल्या काचांची पिकअप, फोर्डची १९४८ची एफ-१ आणि १९५३ची एफ-१००, डॉजची १९४६ची पॉवर वॅगन ही संग्राहकांची पहिली फळी. पॉवर वॅगन तर थेट लष्करी ट्रकाची मुलकी आवृत्ती. चारही चाकांना जोर, पुढे ओढकामाची विंच, देखणेपणाचा सोसच नाही. मग १९५७मध्ये फोर्ड रँचेरो आणि १९५९मध्ये शेवरोले एल कॅमिनो आली: पुढून मोटार, मागून हौदा. तिथून ताकदीची चढाओढ सुरू झाली. १९७०च्या एल कॅमिनोत ४५४ घनइंचांचे, म्हणजे जवळजवळ साडेसात लिटरचे, ४५० अश्वशक्तीचे इंजिन मिळत असे. पोती वाहायला एवढी ताकद लागत नाही. ती लागते सिग्नल हिरवा झाल्यावर.

या सगळ्यांत डॉजच्या 'लिल रेड एक्सप्रेस'ची कहाणी सर्वांत बोलकी आहे. १९७०च्या दशकात तेलटंचाई आणि धुराच्या नियमांनी अमेरिकी मोटारींची इंजिने मंदावली होती. डॉजच्या तंत्रज्ञांनी ओळखले की जड वजनाच्या ट्रकांना हे नियम अजून तितके कडक नाहीत. १९७८ साली त्यांनी लाल रंगाची, लाकडी पट्ट्यांनी मढवलेली, केबिनच्या दोन बाजूंना क्रोमची उभी धुराडी लावलेली पिकअप काढली. दारावर सोनेरी अक्षरे. इंजिन ३६० घनइंचांचे, अश्वशक्ती २२५. अमेरिकी मासिकाने चाचणी घेतली तेव्हा ताशी शंभर मैलांचा वेग गाठण्यात त्या वर्षीची कोणतीही अमेरिकी गाडी तिच्यापुढे टिकली नाही. पहिल्या वर्षी २१८८ गाड्या निघाल्या, दुसऱ्या वर्षी ५११८; मग थांबल्या. पहिल्या वर्षीच्या गाडीला धूर शुद्ध करणारे उपकरण नव्हते, दुसऱ्या वर्षीच्या गाडीला होते, आणि या एका फरकापायी १९७८ची गाडी शोधणारे लोक १९७९च्या गाडीकडे जरा दुय्यम म्हणून पाहतात. पुढे १९९१च्या जीएमसी सायक्लोनने २८० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनावर एका फेरारीला मागे टाकले. ती तर तीन हजारांच्या आतच निघाली.

आपल्याकडे या गाड्या कशा आणि का पोहोचल्या, हा मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा भाग.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला सुटे भाग जुळवण्याचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, फार्गो जुळवायला घेतल्या. महायुद्धानंतर अमेरिकी फौजेने मागे ठेवलेल्या जीपा आणि ट्रक लिलावात निघाले ते वेगळेच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली बस धावली. त्या सुरुवातीच्या काळात एसटीच्या ताफ्यात बेडफर्ड, लेलँडबरोबर शेवरोले, फोर्ड आणि स्टुडबेकर या अमेरिकी नावाच्या बसगाड्याही होत्या. म्हणजे पन्नाशीच्या दशकातला मराठी शेतकरी अमेरिकी इंजिनाच्या आवाजाशी चांगला परिचित होता. सरकारने देशात खरे उत्पादन न करणाऱ्यांना परवानगी नाकारल्यावर १९५४च्या सुमारास जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. फार्गो आणि डॉज मात्र कुर्ल्यात बनत राहिल्या, पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवून घाट चढत राहिल्या. त्यांतली एखादी धडधाकट फार्गो आज कुठे उभी आहे, हे शोधायला निघाले तर हाती फार थोडे लागते.

जीपचे नशीब बरे निघाले. महिंद्राने १९४०च्या दशकाअखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीप जुळवायला सुरुवात केली आणि तो साचा अर्धशतकाहून अधिक काळ चालवला. जीपवाल्यांच्या जगात पहिला प्रश्न असतो, लो बॉनेट की हाय बॉनेट? युद्धातली आणि युद्धाच्या लगेच नंतरची जीप लो बॉनेट. पुढे उंच इंजिन आले म्हणून बॉनेट वर उचलावे लागले, ती हाय बॉनेट. मग जाळी मोजायची. नऊ खाचा असतील तर युद्धकाळातली, सात असतील तर मुलकी. आणि खरा पारखी त्याहून पुढे जातो: खाली वाकून तो बोल्टचे डोके चाकूने खरवडतो. फोर्डने युद्धासाठी बनवलेल्या जीपच्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टवरसुद्धा, इंग्रजी 'एफ' हे अक्षर ठोकलेले असे. रंगाच्या पाच थरांखालून ते अक्षर वर आले की गाडीची किंमत जागेवरच बदलते. संग्रहाचा सगळा आनंद त्या खरवडण्यात आहे.

पण अमेरिकी पिकअपचे आपल्याकडचे खरे भावंड म्हणजे महिंद्राची एफसी-१५०. चालक इंजिनाच्या वरच बसतो, पुढे बॉनेट नाही, तोंड चपटे, चाकांमधले अंतर अवघे ८१ इंच आणि तरी मागे सहा फुटांहून लांब हौदा. अमेरिकेत विलीजने ती १९५६ ते १९६५ एवढीच काढली. महिंद्राने मात्र ती भारतात पुढेही बनवली. कुठे ती रुग्णवाहिका झाली, कुठे पोलिसांची गाडी, कुठे भाजीची. अमेरिकेतले तिचे चाहते आज तिला डोक्यावर घेतात. आपण ती वजनावर भंगारात घातली.

मध्य प्रदेशापुरते बोलायचे तर या हौसेचे मोठे नाव जबलपूरचे. तिथल्या आयुध कारखान्यांत निस्सानच्या परवान्यावर जोंगा बनू लागली आणि १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी उभी राहिल्यावर तिचा जोर वाढला. चार लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, जाड पत्रा, लष्करी हिरवा रंग. तिच्याच जोडीचा निस्सानचा एक-टनी ट्रक तर डॉजच्या लष्करी ट्रकाच्या वळणावर बेतलेला. म्हणजे अमेरिकेतली पॉवर वॅगन आणि जबलपूरचा हिरवा ट्रक एकाच घराण्यातले. लष्कराच्या लिलावांतून या गाड्या शेतकऱ्यांकडे, मंगल कार्यालयवाल्यांकडे, हौशी तरुणांकडे गेल्या. १९९९मध्ये जोंगाचे उत्पादन थांबले. पेट्रोल फार पिते म्हणून अनेकांनी मूळ इंजिन काढून डिझेल बसवले, आणि आज मूळ इंजिनाची जोंगा शोधणाऱ्याच्या वाट्याला तीच डोकेदुखी येते.

राजेशाही गाडी आणि राबती गाडी यांच्या वाट्याला आलेला फरक पाहायला उज्जैनहून फार दूर जावे लागत नाही. पंचावन्न किलोमीटरवरच्या इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात अमेरिकेची डुसेनबर्ग एसजे घेतली. सुपरचार्जरसह ३२० अश्वशक्ती, लंडनच्या गर्नी नटिंगने घडवलेली बॉडी, नारिंगी-काळा रंग. ती गाडी जगभर ओळखली जाते, तिच्यावर पाने भरून लिहिले जाते. त्याच माळव्यात गहू-कापूस वाहणाऱ्या ट्रकांचा एक चांगला फोटोही सहज सापडत नाही. होळकरांची गाडी जपली गेली याचा आनंदच आहे. दुःख आहे ते दुसरी बाजू पूर्ण पुसली गेल्याचे.

कायदाही आता या हौसेला काहीसा अनुकूल झाला आहे. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. ती रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला किंवा धंद्याला नाही. दुसरीकडे १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणीच संपुष्टात आली. तहसील, वनखाते, पाटबंधारे यांच्या आवारात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जुन्या जीपा त्यात भंगाराच्या वाटेला लागल्या. प्रदूषण आणि सुरक्षितता यांसाठी धोरण योग्यच आहे. पण प्रत्येक खात्याने निकालात काढण्याआधी एखादी जुनी गाडी संग्रहालयासाठी बाजूला काढली असती तर काही बिघडले नसते. मोटारींची संग्रहालये देशात आहेत. मालवाहू गाडीला त्यांत मिळणारी जागा मात्र कोपऱ्यातली.

या छंदाला पैसा लागतो ही समजूत अर्धीच खरी आहे. डुसेनबर्गला लागतो. जीपला, एफसीला, जोंगाला लागतो तो चांगला मिस्त्री आणि धीर. पाटे, गिअरचे दाते, क्लचप्लेट दिल्लीच्या मायापुरीत किंवा कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत हुडकता येतात. अडचण मिस्त्रींची आहे. कार्ब्युरेटर कानाने जुळवणारी, हातोडीने पत्र्याला मूळ वळण देणारी पिढी साठी-सत्तरीत पोहोचली आहे आणि तिच्या हाताखाली शिकायला पोरे फारशी येत नाहीत.

तेव्हा वाचकांना एक विनंती. गावाकडच्या वाड्यात, मळ्यात, गिरणीच्या मागे जुनी जीप, फार्गो, एफसी, मॅटॅडोर उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी चार गोष्टी करा. चासीचा आणि इंजिनाचा नंबर उतरवून घ्या. जुने आरसी बुक सापडले तर प्लास्टिकमध्ये घालून ठेवा. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, हौद्याच्या आतलासुद्धा. आणि ती गाडी चालवलेला माणूस हयात असेल, तर तिने काय वाहिले, कुठे बंद पडली, कोणी दुरुस्त केली हे त्याच्याकडून लिहून घ्या. गाडी विकायची असेल तर मग खुशाल विका, पण कापणाऱ्याला नको, चालवणाऱ्याला विका.