मोकळ्या भूमीवरील करसवलत
मोकळ्या भूमीवरील करसवलत : शेते, वने व पाणथळ जमिनी यांवर बांधकामे होऊ नयेत म्हणून त्यांचा कर बाजारभावाऐवजी चालू वापरानुसार आकारण्याची पद्धत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यू हँपशर राज्यात तिचा कायदा १९७३ मध्ये झाला. जमीन वर्षभर लोकांना विनाशुल्क खुली ठेवल्यास आकारणी आणखी २०% घटते; मात्र मग पदभ्रमण, निसर्गनिरीक्षण यांबरोबरच शिकार व मासेमारी यांनाही मालकास मनाई करता येत नाही. अपवाद आहे तो विशिष्ट पिकास वा वनोत्पादनास बाधा पोहोचत असल्यास. पक्ष्यांच्या विणीचा त्यात उल्लेख नाही, ही मोठीच उणीव होय. विणीच्या हंगामात पाणथळ बंद ठेवणाऱ्या मालकास ही जादा सवलत गमवावी लागते. मूळ सवलत तेवढी टिकते. शेजारच्या मेन राज्यात लोकप्रवेशासाठी २५% घट असली, तरी कायम संरक्षित भूमीसाठी ३०% घट स्वतंत्रपणे मिळते.