रायफलच्या दस्त्यातली स्प्रिंग: पुसायची की मोजायची?

स्प्रिंगच्या तारेच्या थकव्यावर पीएचडी करतोय म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे गाडीचं सस्पेन्शन?" तेही आलंच. पण समजावून सांगायला सगळ्यात सोपं उदाहरण आहे एम-१६ रायफलच्या दस्त्यातली स्प्रिंग.

ती करते काय?

गोळी सुटली की नळीतला थोडा गॅस मागे वळतो आणि बोल्ट कॅरिअरला ढकलतो. कॅरिअरच्या मागे बफर नावाचा जड दंडगोल, आणि त्याला मागून रेटणारी स्प्रिंग. ती दाबली जाते, मग उसळून कॅरिअरला पुढे ढकलते. जाता जाता कॅरिअर पुढचं काडतूस चेंबरमध्ये सारतो. मिनिटाला ७०० ते ९०० फैरींच्या वेगात हा सगळा खेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आटोपतो.

खोलायची कशी?

आधी मॅगझीन काढायचं आणि चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघायचं. मागची पिन सरकवून रायफल उघडायची, कॅरिअर बाहेर काढायचा. बफरच्या तोंडाशी एक छोटी खिटी असते, तीच त्याला अडवून धरते. बफर अंगठ्याने किंचित आत दाबून खिटी खाली करायची आणि हात न सोडता बफर हळूहळू बाहेर येऊ द्यायचा. स्प्रिंग आतही थोडी दाबलेलीच असते. हात सोडलात तर बफर उडालाच म्हणून समजा! हॅमर वाटेत आला तर तो खाली दाबून धरायचा.

स्प्रिंग आणि नळी कोरड्या फडक्याने पुसायची, तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. जास्त तेल म्हणजे धूळ आणि काजळीला आमंत्रण. जोडताना स्प्रिंग बफरवर चढवून दोन्ही आत ढकलायचं, खिटी वर आली की झालं.

आता विज्ञान

स्प्रिंग दाबली की तार वाकते असं वाटतं; खरं तर ती पिळली जाते. पिळाचा ताण तारेच्या पृष्ठभागावर सर्वाधिक असतो, त्यातही वेटोळ्याच्या आतल्या बाजूला. म्हणून गंजाचा एक बारीक खड्डाही महागात पडतो. प्रत्येक फैरीबरोबर तिथली भेग किंचित वाढते आणि एक दिवस तार तुटते. पुसण्याचा खरा फायदा हाच, की पृष्ठभाग नजरेखालून जातो.

दुसरी गोष्ट लांबी. पूर्ण लांबीच्या दस्त्यातली स्प्रिंग मोकळी असताना साधारण ३० ते ३४ सेंटीमीटर भरायला हवी. कमी भरली तर बदलायची. ताणून लांब करू नका. ती पुन्हा बसते.

एवढा खटाटोप कशाला?

व्हिएतनाममध्ये याचं उत्तर मिळालं. काडतुसांतली दारू बदलली, फैरींचा वेग वाढला, आणि सैनिकांकडे साफसफाईचं साहित्यही पुरेसं नव्हतं. रिकाम्या पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या, ऐन लढाईत रायफली बंद पडल्या, माणसं गेली. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने चौकशी केली. उपायांमध्ये चेंबरला क्रोमचा मुलामा होता, तसाच जास्त वजनाचा नवा बफरही. दोष एकट्या स्प्रिंगचा नव्हता. पण दारू, बफर, स्प्रिंग आणि स्वच्छता यांचा ताळमेळ एकत्रच बघावा लागतो, हे तिथे कळलं.

भारतीय लष्कराने २०१९ मध्ये करार करून घेतलेल्या सिग ७१६ रायफलींमध्येही बफर आणि स्प्रिंग दस्त्याकडच्या नळीतच असतात. रायफल वेगळी असली तरी तारेचं गणित तेच.