स्वस्त होडी, महागडं जहाज

थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी दिसते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर तटबंदी सुरू केली. तिची रसद तोडायला मुंबईकर इंग्रजांनी ‘रिव्हेंज’सारखी तोफांची जहाजं धाडली. पण वारा पडला की ती जागच्या जागी, आणि मराठ्यांच्या वल्ह्यांच्या उथळ होड्या रात्रीत बेटावर! हा पहारा कंपनीला परवडेना. १६८० च्या जानेवारीत तिने माघार घेतली.

इस्रायलच्या ‘आयर्न डोम’ या रॉकेटं पाडणाऱ्या यंत्रणेपुढे हाच हिशेब आहे. काहीशे डॉलरच्या रॉकेटवर अंदाजे पन्नास हजार डॉलरचं क्षेपणास्त्र! म्हणून रॉकेट कुठे पडणार हे यंत्रणा आधी ताडते. मोकळ्या रानात पडणारं सोडून देते. वाचलेली घरं जमेस धरली तर सौदा तोट्याचा नाही. मात्र एकाच वेळी शेकडो रॉकेटं आली, की किमतीपेक्षा शिल्लक साठ्याचीच चिंता मोठी ठरते.